आईने तो घोडा का मारला नाही

परवाच्या रविवारी आईला घेऊन पंचवटीत बुद्धिबळाच्या स्पर्धेला गेले होते. खेळणारी आई, मी आपली पाण्याची बाटली सांभाळायला. वय सदुसष्ट, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं आणि आयुष्यातली पहिली स्पर्धा...

आई मूळची येवल्याची. आजोबा पैठणी विणायचे आणि दुपारी माग थांबला की तिला आणि मामाला पट मांडून शिकवायचे. लग्नानंतर तिचा खेळ सुटला तो सुटलाच. बाबा गेल्यावर मीच तिला मोबाइलवर खेळायला बसवलं. प्यादं पहिल्यांदा दोन घरं जाऊ शकतं, किल्लेकोट असा करतात, हे आजोबांच्या खेळात नसलेले नियम तिने कुरकुरत का होईना शिकून घेतले.

स्पर्धेत मात्र एकही डाव हाती लागेना. शेवटच्या फेरीआधी वडापाव खाताना म्हणाली, "एक तरी डाव जिंकूनच घरी जायचं हाय मला." मी मान डोलावली. खरं तर मला कधी एकदा घरी जातेय असं झालं होतं.

शेवटच्या फेरीत समोर आले एक बँकेतले साहेब. हा डाव आईने असा काही चिवटपणे लढवला, की बाकीची टेबलं रिकामी झाली आणि सगळे बघे आमच्याभोवती जमले. शेवटी साहेबांकडे उरला राजा आणि एक घोडा. आईकडे राजा, हत्ती आणि एक प्यादं.

आणि गडबडीत साहेबांनी तो घोडा नेमका आईच्या हत्तीच्या तोंडी आणून ठेवला... उचलला की डाव खिशात! बघणाऱ्याने बोलायचं नसतं, नाहीतर मी ओरडलेच असते. आईने पटाकडे बराच वेळ पाहिलं आणि शांतपणे आपला राजा एक घर पुढे सरकवला.

पुढच्याच उडीत घोड्याने राजाला शह दिला आणि हत्तीही कात्रीत सापडला. हत्ती गेला, पाठोपाठ प्यादंही गेलं. डाव बरोबरीत सुटला.

सगळे हळहळले. "या वयात दिसत नाही हो पटकन," कोणीतरी म्हणालं. साहेब भला माणूस, ते म्हणाले, "मावशी, डाव तुमचाच होता." आईने माझ्याकडून पाण्याची बाटली घेतली. डोळ्यांचं ऑपरेशन फसलं की काय... की ही विसरायला लागली? मनातल्या मनात मी डॉक्टरांची अपॉइंटमेंटसुद्धा घेऊन टाकली.

रिक्षात बसल्यावर न राहवून विचारलं, "आई, तो घोडा दिसला नाही का गं?"

"दिसला की. मुद्दामच नाही मारला." ती वैतागली. "शेवटचं मोहरं मारलं की बुर्जी होते. मग काय उपयोग?"

बुर्जी... हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. आजोबांच्या पद्धतीत समोरच्याचा नुसता राजा उरला की डाव तिथेच बरोबरीत सुटायचा, त्याला बुर्जी म्हणायचे. जिंकायचं असेल तर त्याचं एखादं मोहरं जिवंत ठेवून मात करायची. आई तेच करायला गेली होती. बरोबरी नको म्हणून घोडा सोडला आणि बरोबरीच पदरात पडली.

आताच्या खेळात बुर्जी नसते, हे मी तिला सांगितलं. रिक्षा द्वारका चौकात सिग्नलला थांबली. तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मी जिंकले होते?" मी हो म्हटलं. तिने पदराने डोळे पुसले. हा एक नियम सांगायचा राहून गेला, कारण असं काही असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

घरी आल्या आल्या तिने येवल्याला मामाला फोन लावला. स्पीकरवरच. "अरे, यांच्यात बुर्जीच नाय." मामालाही ते पटेना.

"मंग राजा एकटा पडला की त्याचं काय होतं?"

"त्यालाबी सोडत नाय."



पुढच्या स्पर्धेला नाव द्यायला सांगितलंय तिने. आता घोडा मारणार आहे म्हणे... फक्त त्या एकट्या राजासाठी जरा वाईट वाटेल.

त्या साहेबांना मनापासून थँक्यू. आणि त्या हॉलमधलं आणखी कोणी हे वाचत असेल तर एवढंच सांगायचंय... माझ्या आईला दिसत होतं. सगळं दिसत होतं.