आप्पांचा सीआरपी

आमच्या आप्पांनी जन्मात कधी दुधात पाणी घातलं नाही, आणि हे ते दिवसातनं चारदा ऐकवणार. माले गावातल्या डेअरीवर त्यांच्या म्हशीच्या दुधाला चांगला फॅट लागतो, तो पाणी न घातल्यामुळेच, असं त्यांचं ठाम मत. अशा माणसाला करोना झाला, तोही म्हैस व्यायला आठवडा राहिलेला असताना. मी सासरहून, नेऱ्याहून धावत आले.

पौडच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. म्हणाले, "सीआरपी अडतीस आलाय. आजार अंगात किती भिनलाय, त्याचा अंदाज ह्या आकड्यावरून येतो. परवा पुन्हा बघू. उतरला तर घरीच राहा, चढला तर तडक पुण्याला ॲडमिट. फुप्फुसाशी खेळ नको."

"आन् म्हशीकडं कोन बगनार?" घरी आल्या आल्या आप्पा उखडले. "ती माज्याबिगर कुनाला कासंला हात लावू देत न्हाई."

"शेजारची चुलती बघेल की!"

"चुलतीला बगून तर म्हस पान्हा चोरती!"

दोन दिवस आमचं असंच चाललं. खोकला वाढत होता, आणि हे भिंतीकडे तोंड करून खोकायचे, मला जसं काही ऐकूच येत नाही. मी चिडायचे, वाट्टेल ते बोलायचे, आणि मग मोरीत जाऊन रडायचे. आई गेल्यापासून मला माहेर म्हणजे हा एवढा एकच हट्टी माणूस उरलाय.

तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र आप्पा तांब्यावर तांब्या पाणी प्यायला लागले. म्हटलं, आली बाई एकदाची अक्कल. रक्त काढणारी मुलगी आली तर स्वतःहून बाही वर केली. वर तिला म्हणतात कसे, "बाय, सायीचं नगं, तळातलं काड." ती बिचारी हसली नि आपलं काम करून गेली.

दुपारी मोबाइलवर रिपोर्ट आला. चौऱ्याऐंशी.

मी वाचून दाखवलं, तशी आप्पा खाटेवर मटकन बसले.

"पोरी, म्या पानी घातलंया."

"कशात?"

"रगतात! चार तांबं प्यालो. पानी घातल्याव फॅट पडतो, तसा ह्यो बी पडंल म्हनलं." मग माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघत म्हणाले, "पानी घालून एवडा? मंग खरा किती आसंल गं?"

हसू असं फुटत होतं की मी ओढणी तोंडात कोंबली. 'अहो, पाणी पिऊन हा आकडा उतरत नसतो' हे अगदी ओठांवर आलं होतं. माझी जीभ कधी कुणासाठी थांबलेली नाही. पण ते घाबरले होते, आणि मी त्यांच्याहून जास्त.

"दुप्पट असेल, आप्पा," मी म्हणाले.

ते उठले, चपला घातल्या. "चुलतीला सांग, म्हस व्याली की रेडकाला चीक पाजल्याबिगर धार काडू नगं," म्हणाले, आणि मुकाट्यानं गाडीत जाऊन बसले.

बारा दिवसांनी आपल्या पायांनी घरी आले. आता येईल-जाईल त्याला सांगतात, "एकशे अडुसष्ट हुता माजा!" मी शेजारी बसून मान डोलावते. सांगू देत. सांगायला ते आहेत ना.