वहीतली मारेकऱ्याची ओळ

वडवणीच्या बसस्टँडसमोर, खताच्या दुकानाच्या माडीवर, एक कॉम्प्युटर क्लास होता. तिथे आम्ही तीन प्रपंची माणसं मिळून एक राज्य चालवत होतो. ते माझ्यामुळे बुडालं. राज्य खेळातलं होतं, त्याचं मला फारसं काही नाही. पण त्याच्या पाठोपाठ एका माणसाची खरी नोकरी गेली, आणि ती कशी गेली हे गावात आजही चुकीचं सांगतात.

क्लास मिस्त्रींचा. आधी ते रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करत. मग बीडहून सुटे भाग आणून त्यांनी तीन कॉम्प्युटर जोडले. दुसरा गडी जिनिंगवरचा काट्याचा कारकून. कापसाच्या गाड्या वजनकाट्यावर चढल्या की वजन पावतीवर उतरवून द्यायचं, हे त्याचं काम. तिसरा मी, हायस्कुलात इतिहास शिकवणारा.

खेळ जुन्या काळच्या सरदारांचा होता. पडद्यावर नकाशा, त्यावर मुलूख, किल्ले, फौजा. एक पाळी म्हणजे एक ऋतू. मिस्त्री बांधकाम आणि सारा बघत. कारकुनाकडे फौजा आणि दूत. हेर आणि मारेकरी माझ्याकडे आले, कारण इतर दोघांना ते नको होते.

नवशिक्या मारेकऱ्याला राजावर सोडलं तर तो हमखास पकडला जातो. त्याला आधी लहान शिकारीवर शिकवावं लागतं. सरहद्दीवरचा एकटा सरदार, परका पुजारी, फिरता व्यापारी. प्रत्येक खून साधला की त्याच्या नावापुढे एक चांदणी वाढते. त्याआधी हेर पाठवून त्या शहरात पहारा किती ते बघायचं. मी हे मन लावून करत असे. माझ्या एका मारेकऱ्याला चार चांदण्या होत्या. कारकून चेष्टा करायचा, मास्तर, लेकराची घटक चाचणी झाली, सहामाही झाली, आता वार्षिक कधी? मलाही हसू यायचं.

तिघांच्या वेळा जुळत नसत. म्हणून कॉम्प्युटरशेजारी शंभर पानी वही ठेवलेली होती. ज्याने पाळी खेळली त्याने काय केलं ते तारखेसह लिहायचं आणि खाली सही करायची. नियम एकच होता. मारेकरी कुणावर सोडायचा असेल तर तिघांचं मत पाहिजे.

शेजारी एक हिरव्या झेंड्याचं राज्य होतं. कारकुनाने कितीतरी पाळ्या दूत पाठवून त्याच्याशी तह जमवला होता. तिथला राजा म्हातारा, वारस नाही. तो मेला की मुलूख बेवारस होणार आणि आपल्याला लढाईशिवाय घेता येणार, हे माझ्या हेराने दाखवलं. मी ते दोघांपुढे मांडलं. मिस्त्री म्हणाले, थांबू. कारकून मात्र चिडला. "ज्याच्या घरी सोयरीक केली त्याच्या घरात सुरा धाडायचा? मला न्हाई जमायचं, मास्तर." विषय तिथेच मिटला. माझ्या डोक्यातून तो गेला नाही.

मे महिना होता, शाळेला सुट्टी. त्याच दिवसांत कारकुनावर बालंट आलं. एका गाडीचं वजन पावतीवर त्याने वाढवून लिहिलं, असा जिनिंगच्या शेठचा संशय होता. कारकून म्हणत होता, आकडा दिसला तोच लिहिला. योगायोगाने त्या दिवशी मिस्त्री काट्याच्या खोलीत होते. वजनाचे आकडे दाखवणारी पाटी मधूनमधून विझत होती, ती ते दुरुस्त करत होते. सोमवारी शेठ कारकुनाला आणि मिस्त्रींना समोर बसवणार होते. मिस्त्रींनी सांगून ठेवलं होतं, मी येतो, बघितलंय ते सांगतो. कारकुनाला दुसरा आधार नव्हता.

त्याच्या आधीचा शुक्रवार. सकाळी कारकून एक पाळी खेळला, वहीत लिहून गेला. दुपारी मिस्त्री जुम्म्याच्या नमाजला निघाले. मला म्हणाले, मास्तर, जरा बसा, आलोच. दोन वाजता लाईट जायची. माझ्याकडे अर्धा तास होता.

मी फक्त बघणार होतो. हेर तिथेच होता, पहारा कमी दिसत होता. मग माऊसने मारेकऱ्याला उचलून म्हाताऱ्या राजावर ठेवलं. छोटं चित्र सुरू झालं. काळ्या कपड्यातला माणूस भिंत चढतो, दार ढकलतो, आत दिवा असतो. दिवा विझला तर काम फत्ते. दिवा विझला नाही. चार बाजूंनी पहारेकरी आले.

पुढच्याच पाळीत तह मोडला आणि हिरव्या फौजा आमच्या मुलखात शिरल्या. तेवढ्यात लाईट गेली. यूपीएस ओरडायला लागला. तो चार-पाच मिनिटं टिकायचा. सकाळचा साठवलेला खेळ उघडला असता तर सगळं पुसलं गेलं असतं. मी घाईत यादी काढली आणि उघडायच्या ऐवजी साठवायचं बटण दाबलं. सकाळचा खेळ गेला, त्याच्या जागी माझी करणी बसली. पडदा काळा झाला.

वही उघडी होती. कारकुनाची नोंद आणि त्याची सही यांच्यामध्ये एका ओळीची जागा होती. कारकून अक्षरांवर रेघ ओढत नसे, 'ह'ची शेपटी आत वळवत असे. वीस वर्षं मी पोरांचे पेपर तपासले होते, कुणी कुणाचं अक्षर गिरवलंय ते मला लांबून कळायचं. त्या जागेत मी त्याच्या अक्षरात लिहिलं: 'मारेकरी हिरव्या राजावर सोडला.'

मिस्त्री आले तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होतो. खेळलात का, विचारलं. नाही म्हणालो.

लाईट चार वाजता आली. मिस्त्रींनी नकाशा बघितला, वही बघितली. कारकून संध्याकाळी आला तेव्हा त्यांनी वही त्याच्यापुढे सरकवली.

"हे कावून केलं?"

"मी न्हाई केलं."

"अक्षर कुणाचं हाय?"

त्याने वही उचलून डोळ्यांजवळ धरली. "अक्षर माझंच दिसतंय. पण मी न्हाई लिव्हलं, मिस्त्री."

"खेळ गेला तर जाऊ द्या. पण सोताच्या अक्षराला न्हाई म्हन्ता?"

कारकुनाने माझ्याकडे बघितलं. मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं होतं.

तो गेल्यावर मिस्त्री म्हणाले, त्या दिवशी त्यांचं लक्ष तारा जोडण्यात होतं. आकडा आपण बघितला की कारकून बोलला तोच धरला, आता नक्की सांगता येत नाही. शपथेवर कसं बोलायचं? मी म्हणालो, बघा, तुमच्या मनाला पटेल तसं. हे मी म्हणालो.

शनिवार गेला. रविवारी आठवडी बाजारातून पिशवी घेऊन मी क्लासच्या जिन्यापर्यंत गेलो. वर मिस्त्री कुणाला तरी माऊस धरायला शिकवत होते. चार पायऱ्या चढलो आणि उतरलो.

सोमवारी मिस्त्री गेले नाहीत. पावती कारकुनाच्या अक्षरात होती आणि त्याच्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं. त्याचं काम सुटलं. महिन्याभरात तो बिऱ्हाड घेऊन सिरसाळ्याला मेव्हण्याच्या बियाण्याच्या दुकानात गेला. गावात झालं, काटेवाला खोटारडा निघाला, खेळातसुद्धा दगा करायचा. क्लास बंद झाला तेव्हा मिस्त्रींनी वही मला दिली. इतिहासाचे मास्तर तुम्ही, ठेवा, म्हणाले.

इतक्या वर्षांनी, या दिवाळीनंतर मी सिरसाळ्याला गेलो. तो दुकानात गल्ल्याच्या मागे बसला होता, केस पांढरे. मी वही पुढे ठेवून सगळं सांगितलं.

"मला तवाच कळलं होतं," तो म्हणाला. "तुमी पेपर उलटा धरला होता."

मग त्याने विचारलं, "त्या राजाचं काय झालं?"

"वाचला."

"आन् तुमचं लेकरू?"

"पकडलं. मारलं त्याला."

"म्हंजे आमी दोघंच गेलो." तो थोडा हसला. माझ्यासाठी चहा सांगितला. चहा आल्यावर म्हणाला, "मिस्त्रीला सांगितलं का?"

नव्हतं सांगितलं. मिस्त्री माझ्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडे राहतात.

"मग हितं कशाला आलात? मी खोटा न्हाई हे मला ठावं हाय. त्यास्नी न्हाई."

मिस्त्रींना आता दिसत नाही. सून त्यांना वाचून दाखवते. हे कागद आणि ती वही घेऊन मी आज दुपारी जाणार आहे आणि सुनेचं वाचून होईपर्यंत तिथेच बसणार आहे. वहीतली ओळ मी खोडलेली नाही. तिच्याखाली आज माझ्या अक्षरात, रेघ ओढून, लिहिलं आहे: वरची ओळ माझी. आणि सही केली आहे.