वीस ग्रॅमच्या आतलं पत्र

परदेशात पत्र पाठवायला किती तिकिटं लागतात हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं म्हणायची मला लाज वाटली. पुढे जे झालं ते एवढ्यातूनच झालं.

मी चकलांब्याच्या पलीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. राहते गेवराईला, रोज स्कूटीवर जाऊन-येऊन करते. गावाच्या शिवेवर मेंढरं राखणाऱ्यांची पाच-सहा घरांची वस्ती आहे. तिथली एक मुलगी माझ्या हाताखाली शिकली. बारावीनंतर तिचा नर्सिंगचा फॉर्म मीच भरून दिला. ती शिकली, शहरात एका दवाखान्यात लागली, तिथं राहून जर्मन भाषा शिकली आणि जर्मनीला गेली. बाईंनी मेंढरामागची पोर विमानात बसवली, असं गावात लोक म्हणायचे, आणि मी ते आवडीनं ऐकून घ्यायचे.

मग तिनं तिकडंच, सोबत काम करणाऱ्या एका केरळच्या मुलाशी लग्न केलं. घरी फोन करून स्वतः सांगितलं. तिच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि भावकीत जाऊन आपली पोरगी मेली असं सांगून आले. दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले. वर्गाच्या दारात उभं राहून, अगदी हळू आवाजात, तिचा नंबर तुमच्याकडे असेल तर पुसून टाका, यापुढे तिचं नाव आमच्या घरापर्यंत आणू नका, एवढं बोलून गेले. त्यानंतर मुलीचा नंबरही बंद झाला.

वर्षभरानं शाळेच्या पत्त्यावर तिचं पत्र आलं. तिला दिवस गेले होते. वडिलांनी माझ्यामागे लागू नये म्हणून नवा नंबर दिला नव्हता, नुसता पत्ता होता. घरातला फोन भावांच्या हातात असतो, म्हणून फोन नको, आईला जे बोलायचं असेल ते तुम्ही लिहून घ्या आणि मला पाठवा, असं तिनं लिहिलं होतं. आईला लिहिता-वाचता येत नाही.

तिची आई बाजाराच्या दिवशी शाळेवरूनच जायची. मी तिला मधल्या सुट्टीत आत बोलावलं आणि पत्र वाचून दाखवलं. तिनं ते दोनदा वाचायला लावलं. पुढच्या बाजारी ती आली तेव्हा मनाशी सगळं जुळवून आली होती. ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. कोणती मेंढी व्याली, पाठीवर तेल कुणाकडून चोळून घे, थंडीत कान बांध. बापाबद्दल एकच वाक्य होतं. ते रात्री जेवताना तुझ्या बाजूला बघतात, म्हणजे जिथं तू बसायचीस तिकडं. दोन पानं भरली.

गावातलं पोस्ट चालवणारा माणूस तिच्या नवऱ्याच्या रोजच्या उठण्याबसण्यातला. म्हणून पत्र गेवराईहून टाकायचं ठरलं. पाठवणाऱ्याच्या जागी माझ्या घरचा पत्ता. तिनं मला विचारलं, "बाई, इतक्या लांबला किती तिकिटं लागत्यात, तुमाला ठावं हाय नं?"

मी म्हणाले, "हो, त्यात काय एवढं."

त्या संध्याकाळी मी मोबाइलवर दर शोधत बसले. एका ठिकाणी एक आकडा, दुसऱ्या ठिकाणी दुसरा. कुठल्या पानावर कधीचे दर होते तेही धड कळेना. इतकं समजलं की देशाप्रमाणे आणि वजनाप्रमाणे हिशेब बदलतो, आणि वीस ग्रॅमच्या पुढे गेलं की जास्तीची तिकिटं लागतात. स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर मी पाकीट ठेवलं. अठरा ग्रॅम भरलं. मला उगीचच पेपर सोपा गेल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना ती धावत आली. पदराच्या गाठीतून तिनं काळ्या लोकरीचा करदोटा काढला. होणाऱ्या बाळाच्या कमरेला बांधायला तिनं तो स्वतः वळला होता, घरच्या काळ्या मेंढीच्या लोकरीचा. घट्ट पिळाचा, मधे मधे गाठी दिलेला. हे बी जाईल का, असं तिनं विचारलं. मी तो पाकिटात सरकवला आणि पाकीट डिंकानं बंद केलं. एक दोरा तो किती वजन भरणार, असं मनात आलं होतं हे मला चांगलं आठवतं.

गेवराईच्या पोस्टात खिडकीशी बसलेली मुलगी माझ्या पुतणीच्या वयाची होती. तिनं पाकीट हातात न घेताच नीट विचारलं होतं, आत फक्त पत्रच आहे ना मॅडम, वजन करून देऊ का? माझ्यामागे ओळखीचे दोन पालक उभे होते. मी सांगितलं, वजन घरी केलंय, तुम्ही तिकिटं तेवढी द्या. मीच आकडा सांगितला, तिनं तेवढी तिकिटं दिली. ती चिकटवून मी पाकीट बाहेरच्या पेटीत टाकलं.

तीन-साडेतीन आठवड्यांनी ते पाकीट माझ्या घराच्या दाराखालून आत सरकवलेलं सापडलं. वर शिक्का होता आणि एक चिठ्ठी चिकटवली होती. तिकिटं अपुरी, आत वस्तू असल्यानं पत्र म्हणून पाठवता येत नाही, पाठवणाऱ्याकडे परत.

काम साधं होतं. त्याच खिडकीवर जायचं, वजन करायचं, ते सांगतील तसं करायचं. पण वजन केलंय म्हणून जिला ऐकवलं तिच्यापुढे तेच पाकीट घेऊन उभं राहायचं, हे माझ्यानं होईना. सोमवारी जाऊ म्हटलं. सोमवारी शाळेची तपासणी निघाली. मग प्रशिक्षण आलं. कारणं खरी होती, पण त्यातलं एकही कारण दहा मिनिटांचं काम अडवण्याइतकं मोठं नव्हतं. पाकीट मी कपाटात, जुन्या चाचणीच्या पेपरांच्या गठ्ठ्याखाली ठेवलं. नुसतं ठेवलं नाही, खाली सारलं.

पुढच्या बाजारी तिनं फाटकाशी थांबून विचारलं, पोचलं असेल का. मी पोचलं असेल म्हणाले. त्या क्षणी खरं सांगणं अजून सोपं होतं. त्याच्या पुढच्या खेपेला मी तिकडच्या दवाखान्यातल्या रात्रपाळीबद्दल बोलले, तिला लिहायला सवड मिळत नसेल म्हणाले. त्याच्या पुढच्या खेपेला तिकडचं टपाल हल्ली उशिरा येतं असं सांगितलं. हे मी कुठून काढलं मला माहीत नाही. ती प्रत्येक वेळी मान हलवायची आणि जायची. एकदा बोटांवर महिने मोजत म्हणाली की आता लेक मोकळी झाली असेल. मी म्हणाले, हो, झाली असेल. आणि वर्गात जाऊन पाढे म्हणून घेतले.

मग एका बाजारी ती थांबली पण तिनं काही विचारलं नाही. मीच हसून कशी आहेस विचारलं. ती म्हणाली, "बाई, आता मी न्हाई इचारनार तुमाला. बाप म्हनला पोरगी मेली. तिनं बी तसंच धरलं आसंल, आई मेली म्हून. तिचं काय चुकलं?"

तिचा आवाजही बदलला नाही. पिशवी उचलून ती निघाली. आणि मी तिला जाऊ दिलं. ती बाभळीच्या वळणापर्यंत दिसत होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. सगळ्या प्रकारात मला याचीच लाज जास्त वाटते.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि पाकीट घेऊन वस्तीवर गेले. पुरुषमाणसं मेंढरं घेऊन गोदाकाठाकडे गेली होती. ती एकटीच मेंढरांच्या वाडग्यातल्या लेंड्या झाडत होती. मी पाकीट तिच्यापुढे धरलं आणि सांगून टाकलं, की हे गेलंच नाही, तिकिटं कमी लावली ती मीच, आणि दोन महिने हे माझ्या कपाटात पडून होतं.

तिनं हात लुगड्याला पुसले आणि पाकीट घेतलं. उलटसुलट करून शिक्का बघितला. बोटानं चाचपून आतला करदोटा आहे का बघितलं.

"म्हंजे तिला हे घावलंच न्हाई?"

"नाही."

"म्हंजे वाचून गप बसली, आसं न्हाई."

"नाही."

ती वाडग्याच्या दगडावर बसली आणि रडायला लागली. मला वाटलं आता मला बोलेल. पण रडता रडताच म्हणाली, "मग तिनं टाकलं न्हाई मला."

शिव्या खायची तयारी करून गेले होते. तिला आनंद झालेला बघायची तयारी नव्हती. मग तिनं मान वर केली.

"मला कावून सांगितलं न्हाई तवाच?"

वाटेत मी बरीच उत्तरं तयार केली होती. लाज वाटली, इतकंच म्हणाले.

ती म्हणाली, "मला लिवाय येत न्हाई, ते सांगाया मी लाजले का तुमच्यापुढं?"

मग उठली, तोंड धुतलं, चांगलं लुगडं नेसली आणि माझ्या स्कूटीवर मागे बसली. आत्ताच जाऊ म्हणाली.

खिडकीशी तीच मुलगी होती. दोन महिने मी जिला घाबरत होते तिनं मला ओळखलंसुद्धा नाही. पाकीट काट्यावर ठेवलं तर पंचविसाच्या पुढे गेलं. आत लोकरीची वस्तू आहे म्हटल्यावर तिनं समजावून सांगितलं की हे पत्रात जात नाही, छोटं पार्सल म्हणून जाईल, आत काय आहे आणि किती किमतीचं आहे ते फॉर्मवर लिहावं लागेल. मी फॉर्म भरत होते. किमतीच्या रकान्यापाशी अडले आणि शेजारी उभ्या आईकडे बघितलं. आता ह्याचं मोल काय सांगू, असं तिनं खिडकीतल्या मुलीलाच विचारलं. मुलीनं दोघींकडे बघितलं आणि स्वतःच एक लहानसा आकडा सांगितला.

पाठवणाऱ्याच्या जागी मी सवयीनं माझं नाव लिहायला घेतलं. तिनं माझा हात धरला.

"माजं लिवा. वस्तीचा पत्ता टाका."

मी तिच्या कानाशी म्हणाले की उत्तर घरी आलं तर मालकांना कळेल.

"कळू द्या," ती म्हणाली.

उत्तर आलं ते थेट वस्तीवर. मला ते तिच्याकडूनच कळलं, तेही बऱ्याच दिवसांनी, फाटकाशी. पोस्टमननं पाकीट नवऱ्याच्या हातात दिलं होतं. त्यानं ते दिवसभर बंडीच्या खिशात ठेवलं, मेंढरांमागं नेलं, आणि संध्याकाळी चुलीपाशी तिच्यापुढे ठेवून "तुजं हाय" एवढं म्हणाला. आतला फोटो मात्र त्यानं स्वतःकडे ठेवून घेतला होता. तो आणता आला नाही म्हणून ती मला हातांनी दाखवत होती, नात केवढी आहे, आणि करदोटा तिला सैल होतोय म्हणून दोनदा कसा गुंडाळलाय.

पत्र आरोग्य केंद्राकडून वस्तीवर येणाऱ्या आशाताईनं वाचून दाखवलं, उत्तरही तिनंच लिहिलं. हे तिनं अगदी सहज सांगितलं. मला टोचावं असा हेतू त्यात नव्हता.

जाता जाता ती थांबली. लेकीनं पत्रात माझ्यासाठी दोन ओळी लिहिल्या होत्या. बाईंचे उपकार विसरू नको, त्या होत्या म्हणून तुझं माझ्यापर्यंत आलं, अशा काहीतरी. ते सांगून ती माझ्याकडे बघत म्हणाली, "मी तिला कायबी सांगितलं न्हाई. तिचं तुमच्यावर लई मन हाय."

तेव्हा मी म्हणायला हवं होतं की सांग, किंवा मीच लिहीन तिला. मी "बरं" म्हणाले. ती बाजाराकडे गेली आणि मी घंटा झाल्यावर वर्गात गेले.