भिंतीवरचं नीस आणि अक्कांचा दगड

"खालची ओळ फोडा," मी मिस्त्रींना सांगितलं.

गफूर मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग अंबादास अण्णांकडे. अण्णा खुर्चीतून उठलेच. घर त्यांचं, भिंत त्यांची आणि परवा दुपारी पाहुणे येणार. कालच बसवलेलं चित्र मी आज फोडायला सांगतेय म्हटल्यावर माणूस गप्प कसा बसेल?

"मॅडम, डोकं फिरलं काय ओ तुमचं?" अण्णा म्हणाले.

डोकं ठिकाणावर होतं. चूक चित्रात होती.

मी काय करते ते आधी सांगते. मी टाइलवर चित्रं काढते. बाजारात मिळणारी गुळगुळीत पांढरी टाइल घ्यायची, तिच्यावर खास रंगांनी चित्र काढायचं आणि विजेच्या भट्टीत भाजायचं. भाजताना टाइलवरची काचेसारखी झिलई मऊ होते आणि रंग तिला धरून बसतो. मग खुशाल घासा, धुवा. न भाजलेलं चित्र मात्र पहिल्या ओल्या फडक्यालाच निघून येतं. होटगी रोडला माझं वर्कशॉप आहे आणि रोजचा धंदा देवांचा. अपार्टमेंटच्या जिन्यात कुणी थुंकू नये म्हणून कोपऱ्यांत देवांच्या टाइल्स लावतात ना, सोलापुरातल्या तसल्या बऱ्याच टाइल्स माझ्या हातच्या. त्याशिवाय नेमप्लेट, किचनसाठी फळांची टोपली, एखाद्या हौशी बंगल्यावर मोर. त्यामुळे अण्णा जेव्हा फ्रान्समधलं शहर घेऊन आले तेव्हा मी मनातून जाम खूश झाले.

त्यांनी ते शहर टॉवेलात गुंडाळून आणलं होतं. अण्णांचे एके काळी टॉवेलचे यंत्रमाग होते, त्यामुळे त्यांच्या घरातली कुठलीही वस्तू टॉवेलातच गुंडाळलेली असते. आत पंज्याएवढी एक जुनी टाइल निघाली. निळाशार समुद्र, केशरी छपरं, हिरव्या झडपांच्या खिडक्या, ताडासारखी झाडं, ओळीनं मांडलेल्या निळ्या खुर्च्या आणि वर हा एवढा मोठा पिवळाधमक सूर्य. वरच्या कडेला चार इंग्रजी अक्षरं होती, NICE. मी ती वाचली आणि म्हटलं, "नाईस."

"नाईस न्हाय, नीस," अण्णा म्हणाले. "गावाचं नाव हाय. आमची शैलजा तिथं राहते."

टाइलचा खालचा भाग तुटलेला होता. कशी तुटली विचारलं तर म्हणाले, पडली. एवढंच. मग जरा वेळानं बाकीचं सांगितलं. शैलजा तिकडे शिकायला गेली, नोकरीला लागली आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न करून मोकळी झाली. घरी कळवलं ते लग्न झाल्यावर. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. आई चोरून फोन करायची. आता इतक्या वर्षांनी ती नवऱ्याला घेऊन पहिल्यांदा घरी येणार होती.

"मला बोलायला जमत न्हाय ओ मॅडम. फोन हातात घेतो आन् परत ठेवून देतो," अण्णा म्हणाले. "दारातनं आत आली की समोर तिचं गाव दिसलं पायजे. बाप रागात न्हाय एवढं तिला कळलं म्हणजे झालं."

आमच्या धंद्यात क्लायंट खूप बोलतात. रंग असा हवा, तसा हवा, मेव्हण्याच्या बंगल्यावर आहे तसा हवा. चित्र का हवंय हे इतकं सरळ कुणी सांगत नाही. मी काम घेतलं.

हॉलची अख्खी भिंत भरेल एवढं पॅनेल ठरलं. पॅनेल म्हणजे अनेक टाइल्स जोडून केलेलं एकच मोठं चित्र. वाद झाला तो फक्त सूर्यावरून. अण्णांचं म्हणणं, सूर्य लहान करा, झाडं वाढवा, सावली दाखवा. एप्रिलमध्ये माणूस बाहेरून भाजून येणार आणि घरात भिंतीवर पण ऊनच बघणार होय? मी समजावलं की तिकडे उन्हाचं कौतुक असतं. थंड मुलखातली माणसं सुट्टी काढून, रेल्वेनं, विमानानं नीसला ऊन खायला येतात. अण्णांनी विचार केला आणि म्हणाले, "मग त्यांना सोलापूरला पाठवा की." शेवटी सूर्य माझ्या मापाचा राहिला. पिवळा आणि केशरी हे आमच्यातले सगळ्यात नाजूक रंग. भट्टी जरा जास्त तापली की उडून जातात. मी ते वेगळे, कमी आचेवर भाजले आणि असे उतरले की बघत राहावं. स्वतःच्या कामाची मी फार लाजत-मुरडत तारीफ करत नाही. काम उत्तम झालं होतं.

राहिला तो तुटलेला खालचा भाग. तिथं काय होतं ते कुणाला माहीत? शैलजाला विचारायची सोय नव्हती, कारण तिला काही कळू द्यायचं नव्हतं. मी मोबाईलवर फोटो बघितले. बरेचसे उंचावरून काढलेले. निळं पाणी, पांढरी फेसाची रेघ आणि अलीकडे फिकट पट्टा. समुद्राकाठचा फिकट पट्टा म्हणजे वाळू, त्यात काय विचारायचं? आम्ही सोलापूरची माणसं. समुद्र बघायचा तर गाडी करून गणपतीपुळ्याला नाहीतर गोव्याला जायचं, वाळूत पाय खुपसून फोटो काढायचा आणि परत यायचं. मी छान बदामी वाळू रंगवली. वर दोन-चार पावलांचे ठसेही उमटवले. ठसे मला फारच आवडले होते.

गफूर मिस्त्रींनी पॅनेल बसवलं. खालून वर, ओळ सरळ, एक टाइल इकडची तिकडे नाही. वरच्या अक्षरांपाशी आले तेव्हा थांबले आणि म्हणाले, "अपनेइच काम कू नाईस लिखे क्या मॅडम?"

दुसऱ्या दिवशी मी फायनल चेकिंगला गेले. फटी भरायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. आता, साइटवर मी चहा घेत नाही. नियमच आहे माझा. एकदा बसलं की अर्धा तास जातो आणि मिस्त्रीही बसतात. पण शैलजाच्या आईनं, पद्माक्कांनी, ऐकलंच नाही. हाताला धरून मला स्वयंपाकघरात नेलं. ओट्यावर शेंगाचटणीची तयारी चालली होती. अक्का बोलता बोलता एका दगडानं लसूण ठेचत होत्या.

तो दगड आपल्याकडचा नव्हता. आपले दगड काळे, खरबरीत. हा राखाडी, चपटा, साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत आणि मधून एक पांढरी रेघ गेलेली. मी विचारलं, अक्का, हा कुठला?

"शिकत होती तवा सुट्टीला येताना शैलीनं आणलेला. तिच्या समुद्राचा," अक्का म्हणाल्या. "तिथं वाळूच न्हाय म्हणे. असलेच गोटे हायेत सगळीकडं. चालताना पाय दुखतात म्हणायची."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. वाळूच नाही. आणि मी वाळूवर पावलं उमटवून ठेवली होती.

अक्का हळू आवाजात पुढे सांगत होत्या. लग्नाचं कळलं त्या दिवशी अण्णांनी पोरीनं आणलेलं सगळं बाहेर काढायला लावलं होतं. टाइल तर स्वतःच्या हातानं जमिनीवर आपटली. ती अक्कांनी मागाहून उचलून ठेवली. हा दगड त्यांनी लसणाच्या टोपलीत टाकला. दगडाकडे कोण बघतंय?

मी कप ठेवला, हॉलमध्ये आले आणि मिस्त्रींना ओळ फोडायला सांगितली. तिथून तुम्हाला माहीत आहे.

अण्णांना मी कारण सांगितलं. त्यांना ते पटेना. वाळू काय, गोटे काय, एवढं खाली वाकून कोण बघणार? परवा पोरगी येणार आणि भिंतीचं तोंड वासलेलं असलं तर? त्यांचा आवाज चढला होता, पण मला दिसत होतं की माणूस घाबरलाय.

"बघणारी एकच आहे अण्णा," मी म्हटलं. "ती रोज त्या गोट्यांवरून चालते. तिला पहिल्या नजरेत कळेल की हे तिचं गाव नाही."

तेवढ्यात अक्का आतून आल्या. पदरानं दगड पुसला आणि अण्णांच्या हातावर ठेवला.

"शैलीचा हाय," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं तुमी चटणी खाल्ली, ती ह्यानं ठेचलेल्या लसणाची."

अण्णांनी दगड उलटसुलट केला. वास घेतला. आणि मग तो हातात धरूनच खाली बसले. मिस्त्री छिन्नी घेऊन उभेच होते. शेवटी अण्णा त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "फोडा."

दगड मी बरोबर नेला. माझ्याकडे त्याच बॅचच्या कोऱ्या टाइल्स शिल्लक होत्या. पांढरी टाइल म्हणजे पांढरी टाइल असं ज्याला वाटतं त्यानं दोन बॅचच्या टाइल्स शेजारी ठेवून बघाव्यात, एक दुधासारखी आणि एक ताकासारखी दिसते. म्हणून मी एक बॉक्स नेहमी जास्तीचा घेते. समुद्राचा निळाही बाटलीत जपून ठेवलेला होता. काम ताब्यात देईपर्यंत मी रंग फेकत नाही. संध्याकाळपर्यंत एकेक गोटा रंगवला. लहान, मोठे, ओले, कोरडे. डाव्या कोपऱ्यात अक्कांचा दगड काढला, पांढऱ्या रेघेसकट. मग टाइल्स भट्टीत लावल्या.

भट्टी तापवणं सोपं, निवू देणं अवघड. गरम भट्टीचं दार उघडलं की बाहेरची हवा लागून टाइल तडकते. सकाळी अण्णा वर्कशॉपवर हजर. भट्टीभोवती फेऱ्या मारायला लागले. थोडंसं उघडून बघू या का, असं त्यांनी किती वेळा विचारलं असेल देव जाणे. मी किल्ली कमरेला खोचली आणि सांगितलं की दाराला हात लावलात तर मी घरी निघून जाईन. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत भट्टी, दोघंही घामानं निथळत बसलो. दुपार कलल्यावर मी दार उघडलं. एकही टाइल तडकली नव्हती. निळा निळ्याला मिळाला. अण्णांनी टॉवेलानं तोंड पुसलं, आणि तो घाम नव्हता हे मला कळलं. संध्याकाळी मिस्त्रींनी ओळ बसवली.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांची गाडी दारात आली तेव्हा मी आणि मिस्त्री फटी भरून भिंतीवर उरलेला सिमेंटचा लगदा ओल्या फडक्यानं पुसत होतो. आम्ही पटकन बाजूला झालो. शैलजा आत आली. मागून टोपी हातात धरून जावई, चेहरा टोमॅटोसारखा लाल. अक्का भाकरतुकडा ओवाळायचंच विसरल्या. अण्णा भिंतीला चिकटून उभे होते, शाळेत शिक्षा केल्यासारखे.

शैलजानं भिंत बघितली. बॅग तशीच खांद्यावर. सूर्य बघितला, खुर्च्या बघितल्या, एका खिडकीवर बोट ठेवून नवऱ्याला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली. मग खालच्या ओळीकडे तिची नजर गेली आणि ती चक्क जमिनीवर बसली. गोट्यांवरून हात फिरवत डाव्या कोपऱ्यापर्यंत आली आणि थांबली.

"हा माझा दगड आहे," ती म्हणाली.

अक्कांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी घसा साफ केला. दोनदा.

"खरा आत हाय," ते म्हणाले. "लसूण ठेचतो आमी त्यानं."

ती उठली आणि त्यांच्या गळ्यातच पडली. मी फडकी आणि बादली उचलली. मिस्त्री आधीच बाहेर जाऊन डोळे पुसत होते, सिमेंट गेलं म्हणाले.

मी निघाले तेव्हा अण्णा जावयाला पंख्याखालच्या खुर्चीत बसवत होते. ऊन लागलं का, असं चार-चारदा मराठीत विचारत होते आणि तो बिचारा हसून मान हलवत होता.

माझ्यापुरता धडा एवढाच. मोबाईलवरचे फोटो मी आजही बघते. पण साइटवर कुणी आत चहाला बोलावलं, तर आता नाही म्हणत नाही.