एका वेळी किती वाचक?

कॉलेजच्या ग्रंथपालबाईंचा दरारा असा की त्यांच्या टेबलापुढून प्राचार्यसुद्धा चपला न वाजवता जात. छापील नियतकालिकं जाऊन सगळी इंटरनेटवर आली, तरी बाई डगमगल्या नाहीत. प्रत्येक ई-नियतकालिकाचा त्यांनी पुठ्ठ्याचा एकेक बिल्ला केला. बिल्ला हातात असेल त्यानेच कॉम्प्युटरवर बसायचं. अंक एक, वाचक एक! रसायनशास्त्राचे सर आठ वर्षं त्या बिल्ल्यांसाठी भांडत होते.

"सर, एकच पुस्तक दोघांनी दोन टोकांना धरून वाचायचं का?" बाई विचारत, की सर पाय आपटत निघून जात.

यंदा प्राचार्यांनी फर्मावलं, "या पसाऱ्याला सॉफ्टवेअर घ्या. तीन बघा, एक सांगा."

पहिलं दिसायला देखणं, पण कुठल्या नियतकालिकाच्या वर्गणीची मुदत कधी संपते विचारलं की गोल गोल फिरत बसे. दुसरं गरीब बिचारं, द्याल ते मुकाट लिहून घेई. तिसरं मात्र चौकस सासूच! प्रकाशकाशी झालेला करार कुठाय? घरून वाचता येतं का? एका वेळी किती वाचक?

'एक' लिहिण्यापूर्वी बाईंनी खात्रीसाठी करार काढले. नंबर घालून, शिक्के मारून फायलीत नीट लावलेले. वाचलेला मात्र एकही नाही. पहिल्यात होतं: 'कितीही'. दुसऱ्यात, तिसऱ्यातही तेच. बाईंनी टेबलावरचे बिल्ले हळूच खणात सारले.

घरी यजमान म्हणाले, "दुसरं घे की. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि सरांनी निवृत्तीपर्यंत ताटकळायचं? मुदत संपण्याआधी सांगणारंही ते तिसरं एकच आहे हो."

दुसऱ्या दिवशी बाईंनी भर बैठकीत तिसऱ्याचं नाव घेतलं, मग एका दमात चूक कबूल केली. आता सर आठ वर्षांचं उट्टं काढणार म्हणून मान खाली घालून बसल्या.

सरच पांढरेफटक पडले. "बाई, हळू बोला! बिल्ला मिळाला नाही म्हणून उशीर झाला, असं घरी सांगून मी रोज संध्याकाळी बुद्धिबळाला जातो."

"अगंबाई! कुणाबरोबर?"

सरांनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्य खाकरले. "काय म्हणतो बाई... ते दुसरं सॉफ्टवेअर तसं काही वाईट नव्हतं."

बाईंची मान एकदम ताठ झाली. "तिसरंच," त्या म्हणाल्या. "करा सही."