दगड सुकेपर्यंत

लीड्सच्या ज्या केअर होममध्ये मी काम करतो, तिथल्या सीनियर ताईंचं आधी सांगितलं पाहिजे. ताई नागपूरच्या. तिकडे पंचवीस वर्षं नर्स होत्या, इथे आमचा रोटा, म्हणजे शिफ्टचं वेळापत्रक, लावतात. माझ्या व्हिसाचे फॉर्म त्यांनी भरले, बँकेत त्या माझ्याबरोबर आल्या. सरकारी पाकीट आलं की मी ते न फोडताच त्यांच्यापुढे नेऊन ठेवायचो. नववीतून शाळा सोडलेल्या माणसाला इंग्रजी पत्राची काय धास्ती वाटते, ते शिकलेल्यांना सांगून कळत नाही. पण खरे उपकार वेगळेच. दर मार्चमध्ये मला सलग दहा दिवस सुटता यावं म्हणून ताई माझ्या शिफ्ट स्वतः करायच्या. का, तर मला जॉर्डनच्या वाळवंटात जाऊन दगड चढायचा असतो. ताईंना स्वतःला लिफ्टमध्येसुद्धा भीती वाटते.

"काय मिळते रे तुला तिथं?" असं त्या दर वर्षी विचारायच्या. दर वर्षी मी काहीतरी वेडंवाकडं उत्तर द्यायचो.

नीट उत्तर हे आहे. माझं गाव एका किल्ल्याच्या पायथ्याशी. शाळा सोडल्यावर मी शहरातून येणाऱ्या ट्रेकर मंडळींचे दोर वाहायला लागलो. कड्यावर पहिला मी जायचो, दोर बांधायचो, मग मंडळी तो धरून वर येत. वर फोटो निघत तेव्हा मी कड्याच्या काठावर बसून बॅगा ओढत असे. त्याचं वाईट वाटत नव्हतं, काम होतं ते. इंग्लंडात आल्यावर सुट्टीच्या दिवशी यॉर्कशायरच्या दगडांवर जाऊ लागलो. दगड झकास, पण त्याच्या वीत-वीतभर जागेला नाव दिलेलं. कुणाच्या तरी आजोबांनी खिळ्यांचे बूट घालून सगळं आधीच चढून ठेवलेलं. पुस्तक उघडायचं, बोट ठेवायचं, त्या वाटेनं जायचं. वाळवंटात तसं नाही. जीपवाला सोडून गेला आणि समोर तांबड्या भिंतीच भिंती उभ्या, त्यातल्या कितीतरी अशा की ज्यांच्यावर कुणी बोटसुद्धा टेकलेलं नाही. तिथे मी पहिला गेलो तर तो कुणासाठी दोर बांधायला नाही. मला अशी एक वाट हवी होती. एकच.

तिथे मला नेलं माझ्या दोस्तानं. तो पुण्याचा, मिल्टन कीन्सला आयटीत. आमची ओळख लीड्सच्या क्लाइंबिंग वॉलवर झाली, मराठी शिवी ऐकून. मग तो महिन्यातून दोनदा गाडी घेऊन वर लीड्सला यायचा. "गाडी माझी, इंग्लिश माझं, दगड तुझा," असं तो म्हणायचा आणि ते खरंच होतं. एक जण चढतो तेव्हा दुसरा खाली दोर सांभाळतो, त्याला बिले देणं म्हणतात. चार वर्षं माझा जीव त्याच्या हातात होता आणि त्याचा माझ्या. मला गाठ तीनदा तपासल्याशिवाय चैन पडत नाही. तो खालून ओरडायचा, "काकू, झालं का तुमचं?"

मागच्या वर्षी मला ती भेग दिसली. जीप जाते तिथून दोन तास चालत, एका अरुंद घळीत. बरोबर माझ्या मुठीएवढी रुंद, सरळ माथ्यापर्यंत गेलेली. पण तिच्यापर्यंत पोचायला खालच्या गुळगुळीत भिंतीवर एकच आधार होता, पोळीएवढा एक पातळ पापुद्रा. त्याला नुसतं धरायचं, ओढायचं नाही, आणि हात वर टाकायचा. तीन दिवस मी दात घासायच्या ब्रशनं भेगेतली वाळू काढली. चौथ्या दिवशी दोस्ताच्या बिलेवर चढलो आणि दोन पुरुष उंची उरली असताना वारा असा सुटला की खाली यावं लागलं. रजा संपली होती. निघताना मी भिंतीच्या पायथ्याशी, दगडाच्या एका भोकातून लाल पट्टी ओवून बांधली.

चढणाऱ्यांमध्ये ही रीत आहे. लाल पट्टी दिसली की समजायचं, या वाटेवर कुणाचं तरी काम चालू आहे, तो सोडून देईपर्यंत आपण हात लावायचा नाही. कायदा नाही, कुणी बघायला येत नाही, तरी पाळतात. दुसरी रीत याहून कडक. पाऊस पडला तर वाळूच्या दगडाला दोन-तीन दिवस शिवायचं नाही. वरून तासाभरात सुकल्यासारखा दिसतो, पण आत पाणी पिऊन बसलेला असतो, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा. हे दोस्ताला मीच सांगितलं होतं, बिस्किट बुडवून दाखवून.

त्या भेगेचा फोटो मी स्टाफच्या किचनमध्ये फ्रिजवर लावला. सगळे थट्टा करायचे. ताई म्हणायच्या, लोक देवाचा लावतात, हा भिंतीचा लावतो.

यंदा निघायला चार दिवस असताना दोस्ताचा फोन आला. ऑफिसात रिलीज आहे, मॅनेजर सोडत नाही, दोन्ही तिकिटं कॅन्सल करतोय. आवाज इतका पडलेला की मीच त्याची समजूत काढत बसलो. दगड कुठे पळून जातोय, पुढच्या वर्षी जाऊ, असं मीच म्हणालो.

ताईंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका केअररकडून कळलं की त्याच आठवड्यात नागपूरला त्यांच्या सख्ख्या भाचीचं लग्न होतं. माझ्या शिफ्ट करायच्या म्हणून त्यांनी रजाच मागितली नव्हती, आणि आता उशीर झाला होता. मी विचारलं तर म्हणाल्या, "जाऊ दे नं. लग्नात काय, जेवणच असते."

एप्रिलमध्ये दुपारच्या चहाला आम्ही दोघंच किचनमध्ये होतो. माझ्यामुळे ताईंचा फोन त्यांना हल्ली सारखे डोंगरच दाखवायचा. बघता बघता त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "हा तुझाच दगड नं रे?"

ज्या बाईला कडा आणि विटेची भिंत एकच, तिनं फ्रिजवरच्या फोटोवरून ओळखला होता. व्हिडिओ होता. दोस्त लाल पट्टीची गाठ सोडत होता. सोडून त्यानं ती कॅमेऱ्यासमोर हलवली. मग चढला. माझ्यासारखाच पापुद्रा धरून, मीच साफ केलेल्या भेगेत हात घालून, माथ्यापर्यंत. मला दिसत होतं ते वेगळंच. भिंत खांद्याच्या उंचीपर्यंत ओलीनं काळपट होती. त्याच्यामागून त्याचा नवा जोडीदार चढायला लागला, पापुद्र्यावर भार दिला आणि पापुद्रा त्याच्या हातात आला. दोघं हसले. शेवटी वाटेचं नाव आणि खाली दोघांची नावं. ताईंनी वाचून दाखवली. मी म्हटलं, पुरे.

संध्याकाळी शिफ्ट संपल्यावर कार पार्कातून फोन केला. त्यानं आधी सांगितलं की प्लॅन अचानक झाला, तो जोडीदार व्हिडिओ बनवणारा, असा चान्स परत येत नाही. मला सांगणारच होता. मग एकदम चिडला.

"अरे, तिथे काय सातबारा आहे का तुझ्या नावाचा? अर्धवट सोडून आला होतास. आणि कम्प्लीट करून तरी काय करणार होतास? नव्या वाटेची नोंद करायची तर वेबसाइटवर दोन लाइनी लिहायला पण तुला ताई लागतात."

यावर म्हणण्यासारखं खूप होतं. ताईंचं भाचीच्या लग्नाला जाणं हुकलं होतं. पण माझ्या तोंडून एवढंच निघालं, "पाऊस कधी पडला होता?"

"आदल्या दिवशी," तो म्हणाला. "फ्लाइट होती रे दुसऱ्या दिवशी."

मी फोन ठेवला. वाट त्यानं घेतली, ते कदाचित मी कधीतरी गिळलं असतं. पण आता ती वाटच उरली नाही. पापुद्र्याशिवाय भेगेपर्यंत कुणाचाच हात पोचणार नाही, माझाही नाही. आणि ओला दगड म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं असंही नाही, ते त्याला मीच शिकवलं होतं.

ताई मात्र पेटल्या होत्या. दुसऱ्या दिवशी चष्मा लावून, फोन घेऊन बसल्या. नव्या वाटांची नोंद ठेवणाऱ्या वेबसाइटला लिहायचं, तीन दिवस साफसफाई कुणी केली ते, पट्टी कुणाची ते, सगळं. "तू सांग, मी इंग्लिशमध्ये टाकते. तुझं नाव वर आलं पाहिजे."

मी म्हटलं, नाव नको. एवढंच लिहा, की या वाटेवर पावसानंतर चढल्यामुळे खालचा आधार तुटला आहे, आजूबाजूचा दगडही कच्चा झाला असेल, पाऊस पडला की दगड पूर्ण सुकेपर्यंत कुणी चढू नये.

"काहून?"

"ताई, त्याच्या नावाखाली माझं नाव मला नको."

त्यांनी तेवढंच लिहिलं, दोनदा वाचून दाखवलं, एक शब्द बदलला आणि पाठवून दिलं. चार दिवसांनी ते त्या वाटेच्या नोंदीखाली आलं. कुणी लिहिलं ते त्यात नाही. फ्रिजवरचा फोटो मी काढला. ताईंनी तो फेकू दिला नाही, कुठेतरी ठेवलाय.

त्यानंतर मी वॉलवर दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा दोर न लागणाऱ्या ठेंगण्या भिंतीवरच खेळलो. कुणी बिले देऊ का म्हटलं की मी नको म्हणतो. वाळवंट अजून आठवतं, पण तिथे दोर कुणाच्या हातात द्यायचा, याचं उत्तर सापडत नाही. ताई परवा म्हणाल्या, पुढच्या मार्चचा रोटा मी मोकळा ठेवून आहे, तुझं तू ठरव.

माझं एक ठरलं आहे. ताई, एक दिवस तुमचं मी फेडीन. तुम्ही म्हणाल त्या महिन्यात तुमच्या सगळ्या शिफ्ट मी करीन, आणि तुम्ही नागपूरला जाल, कुणाचं लग्न असो वा नसो.