विमा थोरल्याच्या जिवाचा

माझ्या बहिणीवर अन्याय झाला तो १९७४ सालच्या नागपंचमीच्या आदल्या दिवशी, सांगलीत, घरासाठी कर्ज देणाऱ्या एका संस्थेच्या कचेरीत. मी तिच्याशेजारी बसलो होतो, म्हणून लिहितो.

मेहुणे सांगलीत एका कारखान्यात फिटर. दोन खोल्यांचं घर घ्यायचं ठरलं तेव्हा कागद कुणाच्या नावावर, हा प्रश्नच निघाला नाही. मेढ्याला शेती बघणारे त्यांचे थोरले भाऊ होते. थोरला असताना धाकट्यानं आपलं नाव लावलं, तर भावकी म्हणणार घर फुटलं. संस्थेलाही जमिनीचा उतारा असलेला माणूस हवा होता. कर्ज थोरल्यांच्या नावावर झालं. कर्जदार मेला तर विम्यातून कर्ज फिटावं, अशी संस्थेची अट. म्हणून विमाही थोरल्यांचाच उतरवला. सही करताना ते भावाला म्हणाले, "म्हंजे मी मेलो की तू फुकटात घरमालक, व्हय रं?" सगळे हसले, कर्जाचे कागद करणारा संस्थेचा साहेबसुद्धा.

कर्जाचा हप्ता आणि विम्याचे पैसे मात्र मेहुण्यांच्या पगारातून जायचे. साहेबाला हे पक्कं ठाऊक होतं. पैसे भरायला तेच त्याच्या टेबलापुढं उभे राहायचे.

त्या पावसाळ्यात मेहुणे कामावर यंत्रात सापडून गेले. बहिणीला एवढाच धीर, की घराचा विमा आहे, पोरांच्या डोक्यावरचं छप्पर जात नाही. दिवसकार्य उरकल्यावर आम्ही कचेरीत गेलो, थोरलेही आले. साहेबानं कागद उलटले. "बाई, विमा ज्यांचा आहे ते हे समोर बसलेत. हप्ते थांबणार नाहीत."

थोरल्यांनी मान खाली घातली. "मी जिता हाय, ह्योच गुन्हा झाला म्हना की सायेब."

मी भांडलो. पगार कुणाचा हे दिसत होतं, तर विमा कुणाचा हवा हे सांगायला तोंड शिवलं होतं का, असं विचारलं. विचारल्याशिवाय सांगायचा नियम नाही, साहेब म्हणाला.

थोरले घर तिच्या नावावर करून द्यायला तयार होते. पण नाव बदलून हप्ता भागत नाही. दिवाळीआधी घर विकलं. बहीण पोरांना घेऊन साताऱ्याला आमच्याकडं आली.

थोरल्याला मान द्या, पहिल्या पाटावर बसवा. पण विमा मान बघत नाही. ज्याच्या कमाईवर हप्ता चालतो, त्याच्याच जिवाचा तो उतरवा. कर्ज आधीच काढलं असेल, तर उद्या कचेरी उघडताच जा आणि विचारा: आमच्या घरातलं कोण मेलं तर हे कर्ज फिटेल? उत्तर लेखी घ्या. मिळेपर्यंत उठू नका.